हिरव्या काठाची प्लेट

मी एका कोशर हॉटेलातली प्लेट बाटवली, आणि तिथल्या म्हाताऱ्यानं विचारलं तेव्हा त्याच्या तोंडावर खोटं बोललो.

गुन्हा म्हणाल तर एवढाच. धर्म माझा नव्हता, हॉटेल माझं नव्हतं आणि बाटणं-विटाळणं या प्रकारावर माझा तेव्हा काडीचा विश्वास नव्हता. उलट कुणी तो विषय काढला की मी बाह्या सरसावून बसायचो. तरी पुढचे सात दिवस त्या प्लेटनं मला धड जेवू दिलं नाही. आज इतक्या वर्षांनंतरसुद्धा कुणाकडे पार्टीला गेलो आणि हातात हिरव्या काठाची प्लेट आली, तर मी ती गुपचूप गठ्ठ्याखाली सारतो आणि दुसरी उचलतो. लोकांना वाटतं, म्हातारपणी हा फार चिकित्सक झाला.

ऐंशीच्या दशकाच्या मधली गोष्ट. मी ॲन आर्बरला पीएच.डी. करत होतो आणि माझी आई साताऱ्याहून माझ्याकडे राहायला आली होती. वडील गेल्यापासून तिनं एक नियम धरला होता: परक्या हातचं शिजवलेलं खायचं नाही. विमानातला सगळा प्रवास तिनं केळी आणि राजगिऱ्याच्या लाडवांवर काढला. एअर होस्टेसला वाटलं बाई आजारी आहेत, म्हणून तिनं दोनदा सूप आणून दिलं. आईनं दोन्ही वेळा सूपला नमस्कार केला आणि ते परत पाठवलं.

आल्या आल्या मी तिला चार इंग्रजी शब्द शिकवले: मीट, बीफ, एग, फिश. उच्चार शिकवले, अक्षरं गिरवून घेतली. तेवढ्या भांडवलावर ती सुपरमार्केटमध्ये एकेका डब्यावर बोट ठेवत अशी फिरायची की कस्टमचा अधिकारीही लाजावा. बाकी घर, टीव्ही आणि खिडकीबाहेरचा बर्फ. चार महिन्यांत तिनं अमेरिका पाहिली ती एवढीच. मला त्याची टोचणी होती. एकदा तरी हिला बाहेर, खुर्चीवर बसवून, कुणीतरी वाढलंय असं जेवायला न्यायचं, असा माझा हट्ट होता.

तोडगा सुचवला माझ्या लॅबमधल्या मित्रानं. तो ब्रुकलिनचा ज्यू. सोवळ्याओवळ्याच्या घरात वाढलेला आणि मग माझ्यासारखाच सुटलेला. दुपारी आम्ही समोरासमोर बसून जे खायचो त्यानं दोन प्राचीन धर्मांचे पूर्वज एकाच वेळी तळमळत असतील. तो हॅम सँडविच, मी बीफ चिली. फरक इतकाच की सँडविच खाताना त्याच्यासमोर कुणी दुधाचा डबा ठेवला तर त्याचा हात आपोआप तो डबा लांब ढकलायचा.

"अरे, हॅम चालतं आणि दूध नाही?" मी एकदा विचारलं.

"मांसाबरोबर दूध नाही. सवय आहे. धर्म नाही," तो म्हणाला. "आणि तू ते चिली उजव्याच हातानं का खातोस? डाव्या हाताला काय झालंय?"

तर त्यानंच सांगितलं, की डेट्रॉइटच्या उत्तरेला एका उपनगरात कोशर, म्हणजे ज्यूंचे खाण्यापिण्याचे नियम पाळणारं, डेअरी रेस्टॉरंट आहे. डेअरी म्हणजे फक्त दुधाचं. मांस त्या दारातून आत जातच नाही, त्या स्वयंपाकघरातल्या चमच्यालासुद्धा ते कधी लागलेलं नाही. मासे मिळतात, ते मागवू नकोस म्हणजे झालं. "तुझ्या आईला आवडेल. माझ्या आईसारख्याच बायका येतात तिथे."

"तू चल ना बरोबर."

"अकरा वर्षं मी तसल्या हॉटेलात पाऊल टाकलेलं नाही," तो म्हणाला आणि कपात उगाचच चमचा फिरवत बसला.

आईला मी सगळं रंगवून सांगितलं. तिनं बराच विचार केला आणि तह असा ठरला: ती एक भाजलेला बटाटा खाईल. सालीसकट भाजलेला, म्हणजे शिजवणाऱ्याचा हात आतपर्यंत पोचत नाही. त्यावर तूप मात्र घरचं.

आता त्या तुपाच्या डब्याबद्दल सांगायला हवं. स्टीलचा छोटा डबा, झाकणावर वडिलांचं नाव कोरलेलं. मी अमेरिकेला निघालो तेव्हा आईनं तो मेतकूट भरून दिला होता. मेतकूट संपलं. मग काही दिवस डब्यात खिळे होते. मग मी त्यातून लॅबमध्ये दुपारचं जेवण न्यायला लागलो, आणि माझं दुपारचं जेवण काय असायचं ते वर आलंच आहे. आई यायच्या पंधरा दिवस आधीपर्यंत बाबांच्या नावाखाली बीफ चिली गरम होत होती.

आईला तो कपाटात सापडला तेव्हा तिचे डोळे भरून आले. "सांभाळलास हो," म्हणाली. तिनं तो घासला, लोणी आणवून तूप कढवलं आणि डब्यात भरलं. मी शेजारी उभा राहून बघत होतो. मनात म्हटलं, स्टेनलेस स्टील आहे, काही शोषून घेत नाही. आणि हे मी नाही म्हणायचं तर कुणी? माझा विषयच तो. चिनीमातीच्या भांड्यांवरच्या चकचकीत झिलईला बारीक चिरा कशा पडतात आणि त्या चिरांतून आत काय काय मुरतं, यावर मी प्रबंध लिहीत होतो.

रविवारी दुपारी आम्ही गेलो. हॉटेलच्या काचेवर पाटी होती: बाहेरचे खाद्यपदार्थ आत आणू नयेत. मी ती वाचली. सिनेमा थिएटरवरही असतेच की, त्यांचे पॉपकॉर्न खपावेत म्हणून. तशीच ही, असं समजून मी आईला दार उघडून दिलं. इतकी वर्षं शिकून मला कळलं ते एवढं.

आत आई हरखली. कोपऱ्यात हात धुवायची मोरी, तिथे दोन कानांचं भांडं. लोक त्यानं हातांवर पाणी घेत होते, काहीतरी पुटपुटत होते आणि मग एक शब्द न बोलता टेबलाशी येऊन पाव मोडत होते. "आपोष्णी घेतात बघ," ती माझ्या कानात म्हणाली. स्वयंपाकघराच्या झुलत्या दाराशी एका छोट्या टेबलावर काळी टोपी, ढगळ स्वेटर घातलेला एक म्हातारा दिव्याखाली लेट्यूसचं एकेक पान उलटंपालटं करून बघत होता. हा तिथला तपासनीस. त्यांच्यात त्याला मशगियाख म्हणतात. मालकाचा नोकर नव्हे, धर्माचा पहारेकरी. सगळं नियमानं चाललंय की नाही ते दिवसभर बघत बसायचं, हेच त्याचं काम.

आई सरळ त्याच्यापाशी जाऊन उभी राहिली. त्यानं मान वर केली आणि एक पान तिच्यापुढे धरलं. पानावर टाचणीच्या टोकाएवढा हिरवा किडा. आईनं भुवया उंचावल्या, त्यानं खांदे उडवले. पान केराच्या डब्यात गेलं. त्या दोघांत एक शब्दही झाला नव्हता, पण मला तिथे एकदम परक्यासारखं वाटलं.

"त्यांना विचार, घरीपण तेच निवडतात का?"

मी विचारलं. "घरी बायको तपासते," म्हातारा म्हणाला. "पानं पण, मला पण." मग जरा थांबून म्हणाला, "हे सगळे लोक माझ्या डोळ्यांच्या भरवशावर जेवतात. हे आत डोकवायला येत नाहीत. मी बघितलंय, एवढं त्यांना पुरतं."

आईनं ते ऐकून मान डोलवली. "बघ, यांना कळतं," मला म्हणाली. तुला नाही, हे न म्हणता म्हणाली.

बटाटा आला. पांढरी प्लेट, हिरवा काठ, वाफाळता बटाटा. आईनं पर्समधून डबा काढला, हॉटेलच्या चमच्यानं तुपाचा गोळा उकललेल्या बटाट्यावर घातला, परत तोच चमचा डब्यात. तूप वितळलं, ओघळलं, प्लेटभर पसरलं. साजूक तुपाचा वास त्या हॉटेलात पहिल्यांदाच दरवळला असेल. शेजारच्या टेबलावरच्या दोन मुली वळून बघायला लागल्या. एकीनं नाक किंचित मुरडलं, किंवा मला तसं वाटलं. आईनं डब्याचं झाकण लावून तो पदरानं पुसला. माझे कान तापले.

आई जेवली. चार महिन्यांत पहिल्यांदा बाहेर, खुर्चीवर बसून. फार सुंदर जेवली ती.

प्लेटा उचलायला वेट्रेस आली तेव्हा तिच्यामागून म्हातारा आला. आवाज अगदी हळू होता त्याचा. "माफ करा हं. बाईंनी बाहेरचं काही आणलं होतं का? मला एक डबा दिसल्यासारखा वाटला."

डबा तोवर पर्समध्ये गेला होता. त्या दोन मुली बघत होत्या.

"नाही," मी म्हणालो. "औषध आहे तिचं."

म्हातारा माझ्याकडे बघत राहिला. मग आईकडे. आईला वाटलं, जेवण आवडलं का विचारतायत. तिनं दोन्ही हात जोडले आणि हसली. म्हाताऱ्यानं मान लववली आणि वेट्रेसला खूण केली. प्लेट आत गेली. तिच्यामागे ते झुलतं दार दोनतीनदा मागेपुढे झालं आणि थांबलं.

सोमवारी लॅबमध्ये मी हा किस्सा मित्राला सांगितला. किस्सा म्हणूनच. आईच्या, म्हाताऱ्याच्या, दोघांच्या नकला करून. तो पोट धरून हसला. मग अचानक म्हणाला, "आणि प्लेट?"

"प्लेट काय? गेली आत."

"आत म्हणजे? बाकीच्या प्लेटांत?"

"मग काय तिला वेगळी खोली देणार?"

त्यानं हातातलं हॅम सँडविच कागदात गुंडाळलं आणि बाजूला ठेवलं. "येत्या रविवारी माझे वडील येतायत," तो म्हणाला. "आजारी आहेत. अकरा वर्षं आम्ही बोललो नव्हतो, आता फोनवर दहा दहा मिनिटं बोलतो. या सबंध गावात ते दुसरीकडे कुठे चहासुद्धा घेणार नाहीत. मी त्यांना तिथे जेवायला नेतोय. मी. स्वतः. म्हणून ती जागा मला माहीत होती, गाढवा."

"पण तुझा तर यावर विश्वास नाही."

"नाहीच."

"मग?"

"मग काय मग? ते त्या म्हाताऱ्याच्या शब्दावर तोंडात घास घालणार, आणि त्याच्या शब्दात तू भोक पाडून ठेवलंयस." तो पहिल्यांदाच माझ्यावर आवाज चढवत होता. "रविवारच्या आत जाऊन त्याला सांग. नाहीतर मला वडिलांना सांगावं लागेल. आणि मग ते कोटसुद्धा न काढता परत जातील. त्यांना परत यायला वेळ नाहीये रे आता."

"आज फोन करतो," मी म्हणालो.

केला. पलीकडून म्हाताऱ्याचा आवाज आला, "हॅलो?" आणि मी फोन ठेवला. मंगळवारी पुन्हा केला, पुन्हा ठेवला. बुधवारी केला तेव्हा त्यानं हॅलो म्हटलंच नाही. मग तो म्हणाला, "श्वास ऐकू येतोय. बोला." मी रिसीव्हर असा आपटला, जणू त्यातून हात बाहेर येणार होता.

जेवण बंद झालं. म्हणजे ताटावर बसायचो, पण पहिला घास उचलला की समोर कुणीतरी जेवतंय असं वाटायचं. मित्राच्या वडिलांना मी कधी पाहिलं नव्हतं. मीच त्यांना पांढरी दाढी दिली, काळा लांब कोट दिला. ते मान खाली घालून जेवत असायचे, हिरव्या काठाच्या प्लेटमध्ये. चेहरा काही दिसायचा नाही. मी बघतोय हे कळलं की त्यांचा काटा अधांतरी थांबायचा. मीही थांबायचो. मग आई म्हणायची, "अरे, जेव. कुठे बघतोयस?"

लॅबमध्ये तर विचारूच नका. माझं काम असं होतं: चिनीमातीचे तुकडे लाल रंगात बुडवायचे, मग धुवायचे, घासायचे, उकळायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. साध्या डोळ्याला तुकडा पांढराशुभ्र. भिंगाखाली मात्र लाल रेघांचं जाळं, एखाद्याच्या डोळ्यात रक्त उतरावं तसं. चिरेतून एकदा आत गेलेलं पुन्हा पूर्ण बाहेर येत नाही. माझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण. मित्रानंच मला सांगितलं की त्यांच्या धर्मशास्त्रात अगदी हेच लिहिलंय: चिनीमातीत मुरलेलं उकळून निघत नाही. मी तीन वर्षं सरकारी ग्रँटवर जे सिद्ध करत होतो ते त्यांच्या आज्ज्यांना पाठ होतं. प्लेट धुतली की संपलं, असं म्हणायला जगात जर एका माणसाला तोंड नव्हतं तर ते मला.

आईला वाटलं दृष्ट लागली. गुरुवारी संध्याकाळी तिनं मीठ-मोहऱ्या-मिरच्या माझ्यावरून उतरवल्या आणि इलेक्ट्रिकच्या तापल्या शेगडीवर टाकल्या. तडतड झाली, धूर झाला, आणि सबंध बिल्डिंगचा फायर अलार्म कोकलायला लागला. चाळीस बिऱ्हाडं बर्फात उभी, कुणी कोटात, कुणी नुसत्या टॉवेलवर. आई मात्र समाधानानं म्हणाली, "केवढी लागली होती बघ." त्या धुरात, त्या कोकलण्यात मला एकच वाटत होतं, की हे सगळे लोक मी काय केलंय ते कळून बाहेर आलेत.

शुक्रवारी मी एकटाच गाडी काढून गेलो. बर्फात दीड तास लागला. पोचलो तर हॉटेल बंद. सूर्यास्तापासून त्यांचा शब्बाथ, शनिवारचा विश्रांतीचा पवित्र दिवस, लागतो, दुपारीच आवरतात, हे मला माहीत असायला हवं होतं. काचेला नाक लावून आत पाहिलं. अंधारात, काउंटरमागच्या फळीवर प्लेटांचे गठ्ठे. शंभर असतील, दोनशे असतील. सगळ्यांचा काठ हिरवा. त्यातली एक. मी तिला शोधत किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक. काचेवर माझ्या श्वासाची वाफ धरली, तेव्हा भानावर आलो.

म्हणजे उरला रविवारच. मित्र वडिलांना घेऊन एक वाजता पोचणार होता. मी साडेदहालाच निघालो, तर आई कोट चढवून, दोन दोन मोजे घालून, पर्स घेऊन दारात उभी. "त्या आजोबांकडे चाललायस ना? मी येते. तूप घेतलंय."

हायवेला लागल्यावर मी तिला सांगितलं. सगळं नाही. अर्धं. की तिथे बाहेरचं काही चालत नाही, की तुझ्या तुपानं त्यांची प्लेट बाटली, आणि ते मी लपवलं.

दोनेक मैल गेल्यावर ती म्हणाली, "माझ्या तुपानं?"

"हो."

"मी स्नान करून कढवलेलं तूप."

"त्यांच्या लेखी ते बाहेरचं, आई."

खिडकीबाहेर सगळं पांढरं. वायपर कुरकुरत होते. मग ती बोलली, पण माझ्याशी बोलत होती असं वाटलं नाही. "आपल्याकडे भाजीवाली यायची बघ. वीस वर्षं आली. उंबऱ्याच्या आत मी तिला कधी घेतलं नाही. लेकीच्या लग्नाचा लाडू घेऊन आली होती. घेतला मी. गोड बोलून घेतला. ती वळली आणि मी तो गाईपुढे टाकला." मग म्हणाली, "तिनं मागे वळून पाहिलं की नाही, तेच आठवत नाही. किती दिवस आठवतेय. नाही आठवत."

मी हीटर वाढवला.

हॉटेल नुकतंच उघडत होतं. म्हातारा दिव्याखालीच बसला होता. मी त्याच्यासमोर उभा राहिलो आणि घडाघडा सांगून टाकलं. त्याला धक्का बसला असं दिसलं नाही. दिव्याखालचं पान बाजूला ठेवलं, आम्हाला बसायला सांगितलं आणि डॉक्टरसारखे प्रश्न सुरू केले.

"काय होतं डब्यात?"

"लोणी कढवलेलं."

"बटाटा गरम होता?"

"वाफ येत होती."

"कुणी केलं ते?"

"हिनं."

"डबा बघू."

आईनं पर्समधून काढला. त्यानं घाईघाईनं टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, मग खूण केली, यावर ठेवा. आईला ते कळलं. मी तिच्याकडे बघायचं टाळलं. तिनं डबा कागदाच्या बरोबर मध्यावर ठेवला, काठाबाहेर जाऊ नये म्हणून.

"या डब्यात कधी मांस होतं का?"

आई माझ्याकडे बघू लागली. 'मीट' तिनं टिपलं होतं. "काय विचारतायत?"

"विचारतायत की... डब्यात कधी मांस होतं का."

ती ताठ झाली. म्हाताऱ्याकडे वळून तिनं सरळ मराठीत सांगितलं, "ह्यांचं नाव आहे त्याच्यावर. त्याला मांसाचा वारासुद्धा लागलेला नाही." मग मला, "सांग त्यांना. शब्द न् शब्द सांग."

म्हातारा माझ्या तोंडाकडे बघत थांबला. आईही बघत होती. एवढं सोपं होतं: ती म्हणाली तेवढंच इंग्रजीत म्हणायचं, की आई खूश, म्हातारा खूश. मी तोंड उघडलं. आणि मला त्याच्या पाठीमागे फळीवरचे ते गठ्ठे दिसले.

"हो," मी इंग्रजीत म्हणालो. "बीफ. नोव्हेंबरपर्यंत. मीच न्यायचो."

चार शब्द शिकवले होते मी तिला. त्यातला एक हा. तिचं बोट झाकणावर होतं, बाबांच्या नावावर. ते तिनं काढलं नाही, फक्त हलायचं थांबलं. चार महिने रोज पहिल्या भातावर ते तूप घेत होती ती.

म्हाताऱ्यानं आमच्या दोघांकडे पाहिलं. त्याला भाषा समजायची गरज नव्हती. तो उठला, आत जाऊन कुणाला तरी फोन लावून आला. बहुधा रब्बी, म्हणजे त्यांचा धर्मगुरू, असावा, आणि तो भेटला नसावा. मग त्यानं फळीवरचे गठ्ठे उतरवायला सुरुवात केली. दोन्ही हातांनी, छातीशी धरून. वेट्रेस मदतीला आली तर तिला मानेनंच नको म्हणाला. चिनीमातीवर चिनीमाती घासल्याचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. सगळे गठ्ठे मागच्या खोलीत गेले, खोलीला कुलूप लागलं. रब्बीनं पुढे काय निकाल दिला, ते गठ्ठे कधी बाहेर आले की नाही, मला माहीत नाही. मी तिथे पुन्हा गेलो नाही.

त्या दिवशी सगळं हॉटेल कागदी प्लेटांत जेवलं. सूप कागदी वाट्यांत. ओल्या वाट्या मऊ पडत होत्या, लोक कुरकुरत होते, एक बाई विचारत होती की आज काय पिकनिक आहे का. आम्ही कोपऱ्यात बसलो होतो, मधे वर्तमानपत्रावर डबा. निघायला हवं होतं, पण आई उठेना आणि तिला ऊठ म्हणायची माझी छाती होईना.

एक वाजता मित्र आला. बरोबरचा माणूस बुटका, गुळगुळीत दाढी केलेला, डोक्याला लोकरीची टोपी, अंगात निळं जॅकेट. ज्यांच्यासोबत मी आठवडाभर जेवत होतो ते हे नव्हतेच. त्यांनी मोरीशी हात धुतले. मुलानं त्यांचं कोपर धरलं. मग कागदी प्लेट बघून ते म्हाताऱ्याला म्हणाले, "हे काय?"

मित्रानं मला पाहिलं होतं.

"एका प्लेटबद्दल शंका आहे," म्हातारा म्हणाला. आमच्या कोपऱ्याकडे त्यानं नजरसुद्धा वळवली नाही.

"एका?"

"एका."

"आणि तुम्ही सगळ्या उचलल्या." त्यांनी जॅकेटची चेन उघडली. "मग इथे जेवायला हरकत नाही," मुलाला म्हणाले, आणि बसले. मित्र त्यांच्यासमोर बसला. अकरा वर्षांनंतर. त्यानं पुन्हा माझ्याकडे पाहिलं नाही. त्या दिवशी नाही, आणि लॅबमध्येही त्यानंतर बरेच दिवस नाही. मला वाटलं होतं आता सुटल्यासारखं वाटेल. वाटलं नाही.

आई अजून तशीच. दुपार उलटली होती, तिनं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. म्हातारा एका कागदी रुमालावर एक संत्रं घेऊन आला. अख्खं, न सोललेलं. आमच्या टेबलावर, वर्तमानपत्रापासून वीतभर दूर, त्यानं ते ठेवलं.

"त्यांना सांगा, हे कुणीच शिजवलेलं नाही," तो मला म्हणाला. "मी नाही, तुम्ही नाही. त्यांना चालेल."

मी सांगितलं. आईनं त्याला नमस्कार केला, मोरीशी जाऊन त्या दोन कानांच्या भांड्यानं हात धुतले, परत येऊन संत्रं सोललं. साल एकसंध निघाली. फोडी वेगळ्या करून तिनं रुमालावर ओळीनं मांडल्या, पहिली म्हाताऱ्यापुढे धरली. त्यानं ती घेतली, डोळे मिटून काही पुटपुटला आणि तोंडात टाकली. मग तिनं एक खाल्ली. सावकाश, डोळे न उचलता.

सकाळपासून मीही उपाशीच होतो. बरं, वातावरणही जरा निवळल्यासारखं वाटलं. मी एका फोडीकडे हात नेला.

आईनं रुमाल आपल्याकडे ओढला.

"तू हात लावू नकोस," ती म्हणाली. "एवढंच काय ते स्वच्छ राहिलंय इथं."